आरव्हीतलं घर आणि नवी नोकरी: कॅम्पग्राउंडवर स्थिरावण्याचा क्रम

रविवारी अंधार पडता पडता कॅम्पग्राउंडवर पोहोचायचं आणि सोमवारी सकाळी सातला नव्या कामावर हजर व्हायचं, असं वेळापत्रक फार लोक आखतात. मग पहिले दोन आठवडे ना घर धड बसतं, ना काम. आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, वाकडी उभी राहते, फ्रीज गार होत नाही, पाण्याचा जोड ठिबकतो आणि नव्या मुकादमासमोर डोळे तारवटलेले असतात. यातल्या बहुतेक चुका क्रमाच्या असतात. करायचं ते सगळं केलेलं असतं, फक्त आधीचं नंतर आणि नंतरचं आधी झालेलं असतं.

अमेरिकेत आरव्हीत पूर्णवेळ राहून कामासाठी गाव बदलणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितो आहे. त्यात १३ आठवड्यांचं कंत्राट घेणाऱ्या ट्रॅव्हल नर्स आहेत, प्रकल्पागणिक हलणारे इंजिनिअर आहेत, निवृत्तीनंतर राष्ट्रीय उद्यानात हंगामी काम करणारी जोडपी आहेत आणि ऑक्टोबरात नॉर्थ डकोटा-मिनेसोटाच्या रेड रिव्हर खोऱ्यात साखरेच्या बीटच्या हंगामाला जाणारेही आहेत.

## १. आधी कामाचा हक्क तपासा

नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांना अडचण नाही. एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, असलेल्यांनी मात्र इथेच थांबून विचार करावा. हा व्हिसा एका मालकाला बांधलेला असतो. कॅम्पग्राउंडवर आठवड्याला काही तास काम करून त्या बदल्यात साइट, म्हणजे गाडी उभी करायची जागा, फुकट घेणं, हेसुद्धा बिनपरवाना काम ठरतं. हातात पैसे पडले नाहीत म्हणून ती स्वयंसेवा होत नाही. एच-४वर (एच-१बीवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) असाल आणि कामाचा परवाना नसेल, तर तुम्हालाही हेच लागू.

दुसरी गफलत घरून काम करणाऱ्यांची. आपल्याच कंपनीचं काम, फक्त आरव्हीतून, मग कोणाला काय कळतंय, असं धरून लोक निघतात. कामाची जागा मूळ महानगर क्षेत्राबाहेर गेली की नवा एलसीए (कामाची जागा आणि पगार नोंदवणारा मालकाचा अर्ज) आणि दुरुस्त व्हिसा याचिका लागते. इमिग्रेशन खात्याच्या २०१५ च्या सिमेओ निर्णयाने हे स्पष्ट केलं आहे. थोड्या दिवसांच्या कामाला काही सवलती आहेत, पण त्या तुम्हाला लागू होतात की नाही हे कंपनीच्या वकिलाकडून लेखी घ्या आणि मगच चाकं हलवा.

ध्यानात ठेवा: राहण्याचा पत्ता बदलल्यावर १० दिवसांत एआर-११ हा पत्ताबदलाचा फॉर्म भरणं ग्रीन कार्डधारकांनाही बंधनकारक आहे. नागरिक नसलेल्या प्रत्येकाने मुक्कामागणिक हे करायचं.

## २. नोकरीला होकार देण्याआधी साइट पक्की करा

इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात. नोकरी मिळाली, सही केली आणि मग कळलं की गावात महिनाभर राहू देणारी साइट एकही मोकळी नाही. सार्वजनिक जमिनीवरची बहुतेक कॅम्पग्राउंड सलग १४ दिवसांपेक्षा जास्त राहू देत नाहीत, त्यामुळे तीन महिन्यांच्या कामाला ती उपयोगाची नाहीत. खासगी आरव्ही पार्कांत मासिक साइट मोजक्या असतात आणि मोठा प्रकल्प सुरू असलेल्या गावात त्या आधीच भरलेल्या असतात.

वेबसाइटवर विसंबू नका. फोन करा आणि मॅनेजरशीच बोला. सुरुवातीलाच आपली पूर्ण ओळख द्या: गाडी मोटरहोम आहे (स्वतः चालणारी), ट्रॅव्हल ट्रेलर आहे (मागे ओढायचा) की फिफ्थ व्हील (पिकअपच्या हौद्यात जोडायचं), हिचपासून (ओढायच्या जोडापासून) मागच्या बंपरपर्यंत लांबी किती, स्लाइड (बाहेर सरकणारे भाग) किती आणि कोणत्या बाजूला, गाडीचा वीजजोड ३० अँपचा की ५० अँपचा, कुत्रा आहे का. मग हे विचारा:

- मासिक भाड्यात वीज धरली आहे की मीटर वेगळा? मीटर असेल तर युनिटचा दर काय?
- माझ्या साइटवर सांडपाण्याचा जोड आहे, की टाक्या रिकाम्या करायला डंप स्टेशनला जावं लागेल?
- हिवाळ्यात पाणी बंद करता का? कोणत्या महिन्यात?
- दहा वर्षांपेक्षा जुन्या आरव्ही चालतात का? बरेच पार्क आधी फोटो मागतात.
- मला साइटचा ठरावीक नंबर देणार, की आल्यावर मोकळी असेल ती?
- पार्सल आणि टपाल ऑफिसात घेता का?
- कामाचं कंत्राट वाढलं तर मुक्काम वाढवता येईल का? त्यासाठी किती आधी सांगायचं?

साइटचा नंबर आणि भाडं ईमेलवर मागून घ्या. रात्रपाळी असेल तर स्पष्ट सांगा की तुम्ही दिवसा झोपणार आहात. पार्कमधली शांततेची वेळ साधारण रात्री १० ते सकाळी ६-७ अशी असते. दुपारी पोरं खेळत असतील तर तक्रारीला जागा नसते. म्हणून खेळण्याचं मैदान, डंप स्टेशन आणि मुख्य फाटक यांपासून लांबची साइट मागून घ्या. फार लोक हे मागतच नाहीत, आणि मागितलं तर मॅनेजर शक्यतो देतात.

इंटरनेटवर पोट असेल तर पार्कच्या वायफायवर विसंबू नका. स्टारलिंकचं उपग्रहावरचं इंटरनेट वापरत असाल तर साइटवरून उत्तरेचं आकाश मोकळं दिसतं का, की झाडं आडवी येतात, हे विचारा.

## ३. मालकाकडून लेखी घ्यायच्या गोष्टी

काही नोकऱ्यांत साइट मालकच देतो. बीटच्या हंगामात तसं असतं, राष्ट्रीय उद्यानांतल्या हॉटेलांच्या कंपन्यांकडेही. तिथे तोंडी बोलण्यावर राहू नका. आठवड्याचे तास किती, साइटच्या बदल्यात किती तास कापणार, त्यावरच्या प्रत्येक तासाला पगार मिळणार का, काम लवकर संपलं तर साइट किती दिवसांत सोडायची आणि जोडप्यातल्या एकानेच काम केलं तर चालेल का, हे सगळं कागदावर असू द्या.

कराचा मुद्दा लोकांना जानेवारीत डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा कर-दाखला) हातात आल्यावर कळतो. कामाच्या बदल्यात मिळालेल्या साइटचं मूल्य तुमच्या उत्पन्नात धरलं जाऊ शकतं. ते वगळायला तीन अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात: जागा मालकाच्या कामाच्या आवारात असावी, ती मालकाच्या सोयीसाठी दिलेली असावी आणि तिथे राहणं ही नोकरीची अटच असावी. ही तिसरी अट करारात शब्दांत लिहिलेली असेल तर पुढे वाद होत नाही.

ट्रॅव्हल नर्सांनी आणखी एक पाहावं. राहण्या-जेवणाचा भत्ता करमुक्त मिळायला मागे कुठेतरी खरंखुरं, खर्च चालू असलेलं कर-घर (कराच्या हिशेबातलं कायमचं ठिकाण) लागतं. आरव्ही हेच एकमेव घर असेल तर तो भत्ता साधारणपणे करपात्र होतो. नर्सिंगचं काम देणाऱ्या एजन्सीचा माणूस फोनवर काहीही म्हणो, करसल्लागाराला विचारा.

## ४. कागदपत्रं एका पाकिटात

कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत आय-९ चा (कामाचा हक्क पडताळणाऱ्या फॉर्मचा) तुमचा भाग भरलेला असावा लागतो आणि मालकाने तीन कामकाजी दिवसांत मूळ कागदपत्रं पाहावी लागतात. फोनमधला फोटो चालत नाही. अमेरिकन पासपोर्ट किंवा ग्रीन कार्ड एकटं पुरतं. नाहीतर ड्रायव्हिंग लायसन्स आणि सोशल सिक्युरिटी कार्ड, दोन्ही. हे पाकीट आरव्हीच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात ठेवू नका. जवळ ठेवा.

कायमचा पत्ता टेक्सास, फ्लोरिडा किंवा साउथ डकोटाचा घेण्याकडे आरव्हीवाल्यांचा कल असतो, कारण तिथे पगारावर राज्याचा आयकर नाही. पण काम मिनेसोटात किंवा कॅलिफोर्नियात केलंत तर त्या पगारावर त्या राज्याचा कर लागतो. म्हणून पहिल्याच दिवशी पगार विभागाला विचारा की कोणत्या राज्याचा कर कापणार आहात.

टपाल पुढे पाठवणारी एजन्सी लावली असेल तर तिला तुमचं टपाल घ्यायची परवानगी देणारा फॉर्म १५८३ आधीच पुरा करा. त्यावर नोटरीसमोर किंवा एजन्सीच्या माणसासमोर सही लागते, त्यामुळे ते ऐनवेळी होत नाही. आरव्हीचा विमा पूर्णवेळ राहणाऱ्यांचा आहे की सुट्टीपुरता, हेही याच वेळी पाहा. आरोग्य विम्याचं नेटवर्क नव्या काउंटीत (जिल्ह्यात) चालतं का, तेही.

## ५. निघण्याआधी

टायरवर कोरलेल्या डॉट (DOT) क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी कितीही ठळक दिसली तरी टायर आतून म्हातारं होतं. हवा टायर थंड असतानाच तपासा. ट्रक स्टॉपवरच्या कॅट काट्यावर एकदा भरल्या गाडीचं वजन करा. घर आणि नोकरी दोन्ही सोबत असतात तेव्हा अवजारं, गणवेश, धान्याचे डबे असं सगळं चढतं. ट्रॅव्हल ट्रेलरच्या हिचवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार यायला हवा. कमी पडला तर ट्रेलर मागून झुलतो.

ब्लॅक (संडासाची) आणि ग्रे (सिंक-आंघोळीच्या पाण्याची) अशा दोन्ही टाक्या रिकाम्या करून निघा. स्वच्छ पाण्याच्या टाकीत एक-दोन दिवसांपुरतं पाणी ठेवा, म्हणजे साइटवरचा नळ बिघडला तरी अडणार नाही.

किमान तीन दिवस आधी पोहोचा. पहिला दिवस गाडी बसवायला, दुसरा गावाची ओळख करायला, तिसरा झोपेला. साइटचं तीन दिवसांचं जादा भाडं जड वाटलं तरी ते द्या. आणि उजेडात पोहोचा.

## ६. साइटवर पोहोचल्यावर: हा क्रम मोडू नका

पायी फेरी. गाडी बाहेरच उभी करून साइट चालून पाहा. खाली आलेल्या फांद्या, खड्डे, स्लाइड उघडेल तिथे खांब किंवा टेबल आहे का, हे बघा. विजेचा, पाण्याचा आणि सांडपाण्याचा जोड बहुधा चालकाच्या बाजूला येतो. तिथपर्यंत तुमची केबल आणि नळ्या पुरतील अशीच गाडी लावायची.

विजेचा खांब तपासा, गाडी लावायच्या आधीच. ब्रेकर बंद करा, सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या झटक्यापासून गाडी वाचवणारं यंत्र) जोडा, ब्रेकर चालू करा, त्याच्यावरचे दिवे वाचा. वायरिंग उलटं किंवा अर्थिंग तुटलेलं दाखवलं तर ऑफिसात जाऊन दुसरी साइट मागा. गाडी बसवून झाल्यावर हे कळलं तर तासाभराची मेहनत वाया जाते.

डावी-उजवी पातळी. हिच अजून जोडलेली असतानाच चाकांखाली फळ्या किंवा लेव्हलिंग ब्लॉक घालून आडवी पातळी साधा.

चॉक. दोन्ही बाजूंच्या चाकांना पुढून-मागून चॉक, म्हणजे उटी (पाचर), लावा. हे झाल्याशिवाय हिच सोडायची नाही.

सावध: चॉक न लावता ट्रेलर सोडला तर तो उतारावर घरंगळतो. माणूस मध्ये असेल तर जीव जातो. घाई असो, पाऊस असो, दमलेले असा, हिचच्या हँडलला हात लावण्याआधी चॉककडे बघा.

हिच सोडा, मग पुढची-मागची पातळी. ती पुढच्या जॅकने साधायची. गॅसवर चालणारा शोषण पद्धतीचा फ्रीज असेल तर पातळी फार महत्त्वाची, कारण वाकड्या गाडीत त्याच्यातला अमोनिया नीट फिरत नाही आणि फ्रीज कायमचा बिघडू शकतो. त्यानंतर स्टॅबिलायझर टेकवा. ते फक्त हलणं थांबवतात. त्यांनी गाडी उचलायला जाल तर ते वाकतील.

वीज. ब्रेकर बंद, केबल जोडा, ब्रेकर चालू. काढतानाही आधी ब्रेकर बंद. उन्हाळ्यात संध्याकाळी सगळ्यांचे एसी लागतात आणि व्होल्टेज पडतं. १०५ च्या खाली जात असेल तर एसीचा कॉम्प्रेसर जळण्याआधी तो बंद करा.

स्लाइड. गाडी समतल झाल्यावर, आत आणि बाहेर दोन्हीकडे नजर ठेवून. स्टॅबिलायझर आधी की स्लाइड आधी, याबाबत तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत असेल तेच करा.

पाणी. नळ आधी थोडा वाहू द्या. मग नळालाच प्रेशर रेग्युलेटर, त्यानंतर पिण्याच्या पाण्याची नळी, मग फिल्टर. रेग्युलेटर गाडीच्या बाजूला लावला तर नळीवर पूर्ण दाब येतो आणि ती फुटते. साधारण ४० ते ५० पीएसआय पुरेत. जोड झाला की सिंकखाली हात फिरवून ओल आहे का बघा.

तपासा: गरम पाण्याची तोटी उघडा. फुसफुस न होता अखंड धार आली म्हणजे हीटरची टाकी भरली. त्यानंतरच हीटरचं विजेचं बटण लावा. रिकाम्या टाकीत एलिमेंट काही सेकंदांत जळतं. नव्या जागी आल्यावर होणारी ही सगळ्यात नेहमीची नासाडी आहे.

सांडपाणी. हातमोजे घाला. नळी गाडीपासून खड्ड्याकडे उतरती ठेवा. ब्लॅक टाकीचा व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा. पूर्ण हुकअप (वीज, पाणी, सांडपाणी तिन्ही जोड) आहे म्हणून तो उघडा सोडला की पाणी वाहून जातं आणि घट्ट मैला टाकीत साचून दगडासारखा होतो. टाकी दोन-तृतीयांश भरली की आधी ब्लॅक सोडा, मग ग्रे, म्हणजे साबणाचं पाणी नळी धुऊन काढतं. सांडपाण्याची आणि पिण्याच्या पाण्याची नळी एका कप्प्यात कधीही ठेवू नका.

गॅस. सर्वात शेवटी. सिलिंडर उघडा, वास येतो का बघा, गॅसगळती आणि कार्बन मोनॉक्साइडचे डिटेक्टर बटण दाबून तपासा. त्यांच्या मागे तारीख असते. ती उलटली असेल तर चालू दिसला तरी डिटेक्टर बदला.

## ७. विजेचा हिशेब आणि आपला स्वयंपाक

३० अँपची साइट म्हणजे १२० व्होल्टवर एकूण ३,६०० वॉट. ५० अँपच्या जोडात १२० व्होल्टच्या दोन तारा असतात, त्यामुळे १२,००० वॉट मिळतात. ३० अँपवर एसी साधारण १३ अँप घेतो, विजेवरचा वॉटर हीटर १२, इंडक्शन शेगडी पूर्ण आचेवर १५. तिन्ही लावलंत की ब्रेकर पडणारच. कामावरून आल्यावर क्रम असा ठेवा: हीटर गॅसवर, एसी चालू, कुकर गॅसच्या शेगडीवर. ब्रेकर वारंवार पडत असेल तर मोठा ब्रेकर बसवून घेऊ नका. त्याने तारा तापतात आणि आग लागते.

फोडणीआधी छताचा पंखा लावा आणि खिडकी उघडा. मोहरी तडतडल्यावर स्मोक अलार्म वाजतो म्हणून त्याची बॅटरी काढून ठेवणारी घरं आहेत. एवढ्याशा जागेत झोपणाऱ्या माणसांनी हे अजिबात करू नये. तेल, डाळीचा गाळ, उरलेली आमटी ग्रे टाकीत सोडू नका. सिंकला बारीक जाळी लावा, ताट कागदाने पुसून मग धुवा. ग्रे टाकीतून येणारा आंबूस वास बहुधा याचाच असतो.

यलोस्टोनसारख्या उंचीवर काम असेल तर कुकर न्याच. तलावाकाठी, सुमारे ७,७०० फुटांवर, पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं आणि उघड्या भांड्यात तूरडाळ तासन्‌तास शिजत नाही. तिथे अस्वलांमुळे शेगडी, डबे, अगदी कुत्र्याचं खाणंही बाहेर ठेवायला मनाई आहे.

## ८. कामावर जायच्या आदल्या दिवशी

ज्या वेळेला निघणार, त्याच वेळेला एकदा कामाच्या ठिकाणी गाडी नेऊन पाहा. वाटेत रेल्वेचं फाटक, एकेरी पूल, शाळेची रांग असू शकते. कुठल्या दाराने आत जायचं, गाडी कुठे लावायची, हेही बघा.

घड्याळ तपासा. ॲरिझोनात, नवाहो नेशन हा आदिवासी भाग वगळता, उन्हाळी वेळ (घड्याळ तासभर पुढे करणं) पाळत नाहीत आणि शेजारच्या युटात पाळतात. लेक पॉवेलजवळ पेज गावात फोन कधी इकडचा टॉवर पकडतो, कधी तिकडचा. उन्हाळ्यात एक तासाचा घोळ होतो. तिथे साधं गजराचं घड्याळ लावा.

दारामागे एक कागद चिकटवा: कॅम्पग्राउंडचा पूर्ण पत्ता, साइटचा नंबर, काउंटीचं नाव, ऑफिसचा रात्रीचा फोन. ९११ ला साइटचा नंबर सांगावा लागतो, आणि वादळाचे इशारे काउंटीच्या नावाने येतात. वादळात आसरा कुठे, हे ऑफिसात विचारून तिथपर्यंत चालून या. टॉर्नेडोत आरव्हीत थांबायचं नसतं.

## ९. पहिला आठवडा

कामाच्या दिवशी घराची कामं फक्त दोन: टाक्यांची पातळी बघणं आणि विजेची केबल तापत नाही ना, हे हाताने पाहणं. धुणं, किराणा, गॅस भरणं हे सुट्टीच्या दिवसावर टाका. शेजाऱ्याच्या साइटमधून आडवं जाऊ नका आणि पार्कातला वेगाचा पाटीवरचा आकडा पाळा. रात्रपाळीहून पहाटे येताना हेडलाइट शेजाऱ्यांच्या खिडक्यांवर पडणार नाहीत अशी गाडी लावा.

थंडीच्या गावी प्रोपेनचा हिशेब पहिल्याच आठवड्यात करा. २० पौंडांच्या सिलिंडरमध्ये सुमारे ४ लाख ३० हजार बीटीयू (उष्णतेचं माप) असतात. तासाला ३०,००० बीटीयूचं फर्नेस (घर तापवणारं यंत्र) सलग चाललं तर ते चौदा तासांत संपतं. बीटच्या हंगामात १२ तासांची पाळी असते. तुम्ही कामावर असताना सिलिंडर संपला तर परत येईपर्यंत पाइप गोठलेले असतील. म्हणून दोन सिलिंडर आपोआप बदलणाऱ्या व्हॉल्व्हवर ठेवा आणि एक रिकामा झाला की त्याच दिवशी भरून आणा. तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या खाली जाणार असेल तर रात्री नळी काढून टाकीतलं पाणी वापरा. गॅसची शेगडी पेटवून घर ऊबदार करू नका, त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो.

सकाळी खिडक्यांच्या कडांना पाणी दिसलं तर पुसा आणि स्वयंपाकाच्या, आंघोळीच्या वेळी पंखा चालू ठेवा. गादीखाली ओल धरते का, तेही आठवड्यातून एकदा उचलून बघा.

## १०. कंत्राट आणि साइट यांच्या तारखा जुळवा

कंत्राट वाढणार असं कळलं की मालकाशी बोलणं झाल्याच्या दिवशीच कॅम्पग्राउंडच्या ऑफिसात जा. लोक सही व्हायची वाट बघत बसतात आणि तोवर साइट पुढच्याला गेलेली असते. तशी गेली असेल तर त्याच पार्कात कमी सोयीची साइट मागा, प्रतीक्षा यादीत नाव लिहा आणि तिथूनच आसपासच्या दोन पार्कांना फोन लावा. काम लवकर संपणार असेल तर भाड्याचा परतावा मिळतो का, हे मुक्कामाचा करार काढून वाचा आणि सोडायची तारीख ईमेलने कळवा.